ताउवेलाच्या हातातलं गाठोडं

लांगीमाइनाने नख लावलं मात्र, निळ्या रंगाचा तळहाताएवढा पोपडा भिंतीवरून सुटून तिच्या पायाशी पडला. आत पांढरी भुकटी होती. तिने ती बोटावर घेऊन जिभेला लावली. मीठ.

"मर मेले!" ती भिंतीला म्हणाली.

वाइलिमू गावाच्या सभागृहाची ही लांबलचक भिंत समुद्राकडे तोंड करून उभी होती आणि तिच्यावर रंग म्हणून धरत नव्हता. लांगीचं खरवडून झालं, महागडं अस्तर देऊन झालं. पण मिठाचा लोणा आतून फुटत होता, कारण सभागृह बांधताना वाळू आणली होती ती समोरच्या किनाऱ्यावरूनच, आणि तीही न धुता. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. कोणी बोलत मात्र नसे.

लांगी बरीच वर्षं ऑकलंडला चित्रकला शिकवत होती. माणसांचे चेहरे रंगवण्यात तिचा हात बसलेला. आई गेल्यावर ती परत आली आणि मावशीकडे, टेकडीवरच्या नव्या घरात राहू लागली. मग राजधानी आपिआतल्या एका संस्थेची बाई, बर्निस, तिला शोधत आली. वाढत्या समुद्राबद्दल मोठी बैठक भरणार होती, परदेशी पाहुणे गावात येणार होते, तेव्हा त्यांना दाखवायला भिंतभर चित्र हवं होतं. काय काढायचं तेही बर्निसने ठरवून आणलं होतं. मानेपर्यंत पाण्यात बुडालेली एक सामोअन बाई, डोळे सरळ बघणाऱ्याकडे.

लांगीला ते फारसं रुचलं नव्हतं. पण आपल्या गावात, आपल्या माणसांसाठी एवढी भिंत कोण देतो? ती हो म्हणाली आणि चेहरा घेतला ताउवेला मावशीचा. मावशीला नुसतं एवढंच सांगितलं, की तुझं चित्र काढतेय.

त्या रविवारी प्रार्थना सुटल्यावर मावशी मैत्रिणींचा घोळका घेऊन भिंतीपाशी आली. पांढरा झगा, पांढरी टोपी, हातात पंखा. बराच वेळ ती बघत राहिली.

"ही मी का गं?"

"हो मावशी. चेहरा जमलाय ना?"

"चेहरा जमलाय. पण मी पाण्यात काय करतेय?"

"म्हणजे... समुद्र चढतोय ना, तेच दाखवायचंय."

"ते कळलं मला. मी काय करतेय, ते विचारलं. पाणी मानेपर्यंत येईस्तोवर काय झोपले होते मी?"

मागून एक बाई म्हणाली, "ताउवेला, उभीच आहेस तर दोन मासे तरी धर!" सगळ्या खिदळल्या. मावशी हसली नाही.

"पाणी घरात शिरलं तेव्हा मी डुकरं टेकडीवर हाकलली," ती म्हणाली. "शिवणयंत्र खांद्यावर घालून वर नेलं. आणि तुझ्या काकाला नेलं. तू तेव्हा ऑकलंडला होतीस." एवढं बोलून ती पंखा हलवत निघून गेली.

मावशीच्या नवऱ्याची, पेनितोआ काकांची गोष्ट लांगीला फोनवर कळली होती, आणि फोनवर कळलेल्या गोष्टी असतात तशी ती तिच्यापाशी राहिली होती. सगळ्यांची असते तशी काकांची कबर घरासमोरच्या अंगणात होती. लाटांनी खालची वाळू ओढून नेली आणि कबरीचा चौथरा कलला. मग काकांच्या धाकट्या भावाने, सेउमानूने, स्वतः कुदळ मारून कबर उघडली. घरच्यांनी अस्थी धुतल्या, खोबरेल लावून पुसल्या आणि घरातल्या सर्वांत तलम चटईत बांधल्या. ते गाठोडं ताउवेलाने कुणाच्या हाती दिलं नाही. सरळ टेकडी चढून गेली.

दुसऱ्या दिवशी लांगीने चित्रातलं सगळं पाणी, चेहऱ्यासकट, खरवडून काढलं. चिडून खरवडत होती, त्यामुळे काम झपाझप झालं. या वेळी तिने डब्यातला रंग बाजूला ठेवला आणि साध्या चुन्यात रंग कालवून पाहिला. भिंतीतल्या मिठाला श्वास घ्यायला जागा मिळाली असावी. रंग टिकला.

मग तिने मावशीला समोर बसवलं. मावशीने उशीला चटई गुंडाळली आणि ती दोन्ही हातांत धरून बसली. सुरुवातीला तिला त्याचं हसू येत होतं, मग येईनासं झालं.

"नाक एवढं फेंदारलेलं नको काढू."

"आहे तसं काढतेय."

"आहे तसंच फेंदारलेलं आहे मग," मावशी म्हणाली, आणि थोड्या वेळाने हातांकडे बघत म्हणाली, "उशी फार हलकी आहे गं. तो असा हलका नव्हता. हाडं झाली तरी नव्हता."

लांगीने पाय आधी रंगवले. रुंद, भेगाळलेले, टेकडीच्या मातीत रुतलेले. मग गाठोडं धरलेले हात, मग चेहरा. त्या चेहऱ्यावर रडू नव्हतं. चढ चढताना दम लागलेल्या माणसाचा होता तो चेहरा. आणि मावशीच्या पाठीमागे, खाली किनाऱ्यावर, लांगीने कंत्राटदारासाठी वाळू वाहणाऱ्या फिलिपोचा लाल ट्रक काढला. त्यात फावड्याने वाळू भरणारी माणसं काढली. किनाऱ्यावर खड्डा पडला की समुद्र तो भरायला गावाकडूनच वाळू ओढणार, हे सांगायला पाटी लागत नव्हती.

ट्रक वाळण्याआधी गावसभेचं बोलावणं आलं.

सेउमानू आता गावाचा मुख्य मताई, म्हणजे कुळप्रमुखांचा म्होरक्या होता. सभागृहाच्या खांबाला टेकून मांडी घालून बसला होता. बाकीचे मताई आपापल्या खांबाशी. लांगी दारापाशी चटईवर बसली.

"भावाचं चित्र झकास झालंय," सेउमानू म्हणाला. "ट्रक काढून टाक."

"ट्रक खोटा आहे का?"

"खोटा असता तर राहू दिला असता."

कुणीतरी हसू दाबलं.

"त्या वाळूतून चर्च उभं राहिलं, पोरी," तो पुढे म्हणाला. "शाळा उभी राहिली. तुझ्या आईच्या कबरीवरचा चौथरा उभा राहिला. परवानगी मीच दिली, सगळ्यांना माहीत आहे. पण समुद्र काय फिलिपोच्या ट्रकामुळे चढतोय? पालागींच्या, गोऱ्यांच्या देशातल्या धुरामुळे चढतोय. त्यांचे ट्रक कुठे काढलेस तू? ते येणार, आमचा ट्रक बघणार आणि म्हणणार, बघा, यांची यांनीच केली. हेच हवंय तुला?"

लांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण त्याचं म्हणणं चूक नव्हतं. "दोन्ही खरं आहे," ती म्हणाली.

"मग एक खरं ठेव, दुसरं काढ. भिंत गावाची आहे."

गावसभेपुढे हट्ट चालत नाही. तिने केला असता तर तो मावशीला भोवला असता, दंड तिच्या घरावर बसला असता. लांगीने ट्रकावर फणसासारख्या जाड पानांचं एक ब्रेडफ्रूटचं झाड रंगवलं. झाड इतकं वाईट झालं होतं, की त्याच्याकडे बघितलं तरी तिला स्वतःची चीड येत होती.

त्यातच बर्निसचा फोन. "लांगी, फोटो पाहिला. पाणी कुठे गेलं? मंजूर झालं होतं ते पाण्याचं होतं."

"पाण्यातली बाई खोटी होती."

"तसं नाही गं, ते प्रतीक होतं. आता नुसती एक बाई चढ चढतेय. लोकांना त्यातून काय कळणार?"

लांगीने फोन ठेवला आणि ब्रश इतक्या जोरात आपटून धुतला, की त्याचे केस निघाले.

पाहुणे आले. गावाने कुठेच कमी पडू दिलं नाही. डुक्कर भाजलं, नारळाच्या दुधात शिजवलेली तारोची, अळूसारखी पानं केली, गळ्यात हार घातले. पाद्र्याने प्रार्थना म्हटली. मग सगळे भिंतीकडे वळले आणि बर्निसचा चेहरा एकदम उजळला.

"अरे वा! बाळ!" ती पाहुण्यांना म्हणाली. "बघा, येणारी पिढी हातांत घेऊन चाललीय. उद्याची आशा!"

कॅमेरे खटाखट वाजू लागले. एका उंच पाहुण्याने डोळे टिपले. बायकांच्या रांगेत ताउवेला ताठ बसली होती. इंग्रजी तिला फारसं येत नव्हतं. तिने शेजारणीला विचारलं, शेजारीण कानात काहीतरी बोलली आणि मावशीच्या हातातला पंखा थांबला.

"ते बाळ नाही," लांगी म्हणाली. तिला वाटलं त्याहून आवाज मोठा निघाला. "तो माझा काका आहे. त्याच्या अस्थी आहेत त्या. कबर समुद्रात चालली होती म्हणून मावशीने त्या वर नेल्या. कबर गेली ती तुमच्या धुराने चढलेल्या समुद्रामुळे, आणि आम्ही आमचाच किनारा उपसून विकला त्यामुळे. त्या झाडाखाली वाळूचा ट्रक आहे. मी तो झाकलाय."

तेवढ्यात बर्निसने तिच्या दंडावर हळूच हात ठेवला. "फार जबरदस्त आहे हे. पाटीवर लिहू या का आपण? अस्थींचं लिहू. वाळूचं नको, त्याने लोक गोंधळतील."

लांगीने कपाळावर हात मारून घेतला. आता हिला कोण काय सांगणार?

सेउमानू उठला. त्याला इंग्रजी उत्तम येत होतं. तो झाडाविषयी बोलेल, दंड ठोठावेल, सगळ्यांसमोर तिची खरडपट्टी काढेल, असं लांगीला वाटलं. त्याने भिंतीकडे पाहिलं, मग बर्निसकडे.

"माझ्या भावाला बाळ म्हणू नका," तो म्हणाला आणि खाली बसला. मग पंगत बसली तेव्हा तो जेवला नाही.

त्या दिवसानंतर गावात वाळूचा विषय निघाला नाही. लांगी वाट बघत राहिली. तिला वाटलं होतं, आता गावसभा बसेल, काहीतरी ठरेल. पुढच्या आठवड्यात फिलिपोचा ट्रक नेहमीसारखा किनाऱ्यावर उतरला. लांगी तडक सेउमानूकडे गेली.

"शब्द दिलाय कंत्राटदाराला," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तो संपू दे."

"आणि तो कधी संपणार?"



ती तणतणत घरी आली. म्हणाली, हे गावही नको आणि ती भिंतही नको, मी चालले परत. मावशी कोको ढवळत होती. ऐकून घेतलं, कोको किटलीत ओतला, काखेत चटईचं अर्धवट विणकाम मारलं आणि म्हणाली, "जायचं तेव्हा जा. आत्ता किटली घे, गरम आहे, सांभाळून."

किनाऱ्याकडे उतरणाऱ्या वाटेवर, ट्रकाची चाकं जिथून जातात नेमकं तिथे, मावशीने बैठक मारली. हळूहळू रविवारच्या मैत्रिणीही आल्या. वाळू भरून ट्रक वर आला आणि थांबला. फिलिपोने भोंगा वाजवला.

"आजी, जरा सरका की!"

"विणतेय रे," ताउवेला म्हणाली. "ओळ संपली की बघू."

"किती वेळ लागेल?"

"ते चटईला विचार."

फिलिपोने हात टेकले. इंजिन बंद करून तो गाडीतून उतरला आणि सेउमानूला बोलवायला गावात गेला. सेउमानू घरात होता, त्याचं दार उघडं दिसत होतं, पण तो बाहेर आला नाही. वाळूही उतरली नाही. ट्रक तसाच भरलेला, उन्हात तापत उभा राहिला.

लांगी किटली घेऊन ताटकळत होती. मावशीने तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि पानांच्या पट्ट्या तिच्या मांडीवर टाकल्या. लांगीला विणता येत नव्हतं. लहानपणी ती या कामातून पळ काढायची. तिने दोन पट्ट्या उलटसुलट घातल्या, ओढल्या, त्या सुटल्या. परत घातल्या. घामाने बोटं निसटत होती आणि डोळ्यांत पाणी येत होतं, रागाचंच.

"उसव," मावशी तिच्याकडे न बघताच म्हणाली. "खालची आधी वर घे."

लांगीने उसवलं.