पंख वाळवणारा पाणकावळा

ते साल एकोणीसशे एकोणसाठ. अप्पांची, म्हणजे आमच्या वडिलांची, नजर जात चालली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. अप्पा कुरकुरले नाहीत. एवढंच म्हणाले, "तळ्यावरचे पक्षी एकदा नीट दिसले असते तर बरं होतं."

बंगळूरला बसवनगुडीत आमचं घर; तिथून ते रोज पहाटे लालबागेच्या तळ्यावर जात. आता मी हात धरून नेई. पाण्यावर धुकं असे, धुक्यातून बगळे उतरत. अप्पांना नुसते पंख ऐकू येत.

थोरल्या अहल्याअक्काने कॉलेजातून दोन दिवसांसाठी कॅमेरा मागून आणला. "अप्पा, फोटो डोळ्याशी धरून बघा." शेवटचा फोटो तिने खुंटावर पंख पसरून वाळत बसलेल्या पाणकावळ्याचा काढला. तो इतका निश्चल होता, की जणू तळंच झोपेत त्याला बघत होतं.

स्टुडिओत आठवडा गेला असता. अप्पांच्या डोळ्यांना तेवढा धीर नव्हता. अक्काने रीळ घरीच धुवायला घेतलं. बिनखिडकीची खोली एकच, देवघर. संध्याकाळी ती आत, मी दाराशी राखणीला.

तेवढ्यात पद्मावती अत्या मडीत, म्हणजे सोवळ्यात, पेटतं निरांजन घेऊन आली.

"अत्या, थांब! आत फोटो..."

"देवाला अंधारात ठेवून फोटो? सर बाजूला. शिवू नकोस हं मला!"

सोवळ्यातल्या अत्येला हात कोण लावणार? मी भिंतीला चिकटले. दार उघडलं.

"अय्यो, अत्या!" अक्का ओरडली आणि हातातलं रिळाचं टोक तिने पदरात गुंडाळलं.

उजेडाने बाकीचं रीळ गेलं, तेवढंच वाचलं. त्यावर पाणकावळा होता. छापल्यावर मधोमध काळा पक्षी, भोवती सगळं पांढरं.

अप्पांनी तो फोटो बराच वेळ डोळ्याशी धरला. "दिसतोय ग! दोन्ही पंख दिसतायत. धुकंसुद्धा आलंय."

"ते धुकं माझ्या निरांजनाचं, अण्णा," अत्या पुटपुटली.

पुढच्या वर्षी अप्पांची नजर पुरती गेली. आंघोळीनंतर ते अंगणात उन्हात हात पसरून उभे राहत. विचारलं तर म्हणत, "वाळतोय." असेच वाळत म्हातारे होऊन गेले. अत्या शेवटपर्यंत देवघराच्या दाराशी थबकून, "उघडू का ग?" असं विचारूनच आत जाई. अक्का म्हैसूरला प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाली. तीही आता नाही. मला सून तळ्यावर फिरायला नेते. माझीही नजर अधू झाली आहे. खुंटावर काहीतरी काळं दिसतं. काय आहे, ते मी सुनेला विचारत नाही.