पंख्याचं चित्र

शेजारच्या युन-सान, म्हणजे युनबाई, यांचा मला संशय यायला लागलाच होता, पण "घरी सगळं ठीक ना?" असं त्यांनी लिफ्टमध्ये विचारलं आणि माझं डोकंच फिरलं. जपानमधल्या ओजिमाच्या या सरकारी वसाहतीत कोणी कोणाची साधी चौकशी करत नाही. मग या बाईला माझ्या घराची एवढी काळजी का?

ठीक नव्हतंच, ते सोडा. मी आणि सौमित्र वेगळे होतोय. मार्चमध्ये शाळेचं वर्ष संपलं की तो ओसाकाला जाणार, मी आणि कौमुदी इथेच राहणार. तोवर पोरीला काही कळू द्यायचं नाही, एवढ्या एकाच गोष्टीवर आमचं एकमत होतं. सात वर्षांची आहे हो ती. इथल्या भिंती कागदासारख्या, म्हणून भांडायचं ते स्वयंपाकघरात, दार सरकवून, एक्झॉस्ट फॅन मोठ्यावर ठेवून, तेही दबक्या आवाजात.

युन-सान कोरियन. शनिवारी खालच्या हॉलमध्ये मुलांना चित्रकला शिकवतात. कोरियन भाषेत म्हणे आवाजांसाठी ढीगभर शब्द आहेत. मुलांनी घरातला एखादा आवाज सांगायचा, बाई त्याचा कोरियन शब्द देणार, आणि मग त्या अक्षरांचंच चित्र करायचं. आमटी रटरटते तो आवाज 'बोगुल-बोगुल', तर त्याची अक्षरं बुडबुड्यांसारखी फुगवलेली. मला कल्पना आवडली, मीच हौसेने कौमुदीला तिथे घातलं. आता मात्र वाटायला लागलं, लोकांच्या घरातले आवाज हिला हवेतच कशाला? पोरीकडून आतल्या बातम्या काढत असणार, नाहीतर भिंतीला कान लावून बसत असणार.

"तू जरा जास्तच विचार करतेस," सौमित्र म्हणाला.

"तुझं काय जातंय? तू जाशील ओसाकाला. इथे लोकांना तोंड मला द्यायचंय."

शनिवारी वर्ग सुटायच्या आधीच मी खाली जाऊन उभी राहिले. "माझ्या मुलीला घरातलं काही विचारत जाऊ नका," युन-सानना मी जपानीत सुनावलं. त्या चिडल्या नाहीत, याचाही मला राग आला. त्यांनी नुसतं कौमुदीचं गेल्या शनिवारचं चित्र पुढे ठेवलं.

"मी काहीच विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "बाकीची मुलं आवडता आवाज निवडतात. हिने नावडता निवडला."

काळ्या-निळ्या रंगात दोन भलीमोठी कोरियन अक्षरं. 'विंग-विंग', म्हणजे घरघर. त्या अक्षरांत चार गोल होते आणि प्रत्येक गोलात पंख्याची पाती काढली होती. खाली कोपऱ्यात एक बंद दार, आणि दाराला टेकून बसलेली मुलगी.

तेवढ्यात कौमुदी हात धुऊन आली. घरी ती मला जपानीतच उत्तरं देते, पण बाईंसमोर मराठीत बोलली.

"पंखा लावला की तुम्ही भांडता. मला नीट ऐकू येत नाही, म्हणून मी दाराशी बसते."

"बाईंना काय सांगितलंस?"

"काहीच नाही. तुला आवडत नाही ना कोणाला सांगितलेलं." ओले हात ती फ्रॉकला पुसत राहिली. "आई, बाबा जाणार की तू?"

दोघांपैकी एक जाणार हे तिला ठाऊक होतं. कोण, ते मात्र दारातून ऐकू आलं नव्हतं.

"बाबा," मी म्हणाले. "मी इथेच आहे."

तिने आधी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मग बाबासाठी रडायला लागली.