सतरा दिवसांची गैरहजेरी

शाळेची चिठ्ठी आली तेव्हा अनुसूयाबाईंना वाटलं, पत्ता चुकला असणार. आठवीतली सिंधू सतरा दिवस गैरहजर, खुलासा न केल्यास नाव कमी होईल! पोरगी तर रोज डबा घेऊन वेळेवर निघत होती. मग जात होती कुठे? नवरा रेल्वे कारखान्यात फिटर, त्याला रजा कुठली. भुसावळहून झाशीला बदली होऊन आठ महिने झाले, तरी बाईंची हिंदी भाजीवालीपुरतीच. पण निघाल्या तरातरा. वाटेत नको नको ते मनात येत होतं.

वर्गशिक्षिका बहनजींनी हजेरीपट पुढे सरकवला. सिंधूच्या नावापुढे ओळीने सतरा ‘अ’.

“हमारी लड़की रोज घर से आती है जी,” बाई म्हणाल्या.

साठ मुलींचा वर्ग. बहनजींनी सिंधूच्या बाकावरच्या विजयालक्ष्मीला बोलावलं.

“आती तो रोज है, बहनजी. बोलती नहीं.”

“तो बताया क्यों नहीं?”

“किसी ने पूछा ही नहीं.”

बहनजी वरमल्या. नाव राहिलं, फक्त उद्यापासून सिंधूने ओ द्यायची.

सिंधूला घेऊन फाटकाबाहेर येताच बाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. “जीभ काय घरी ठेवून जातेस गं?”

सिंधू खाली बघत म्हणाली, “सहामाहीत नापास झाले तेव्हा सगळ्या हसल्या. मग एकदा घसा बसला म्हणून ओ दिली नाही, तर बहनजींनी मानसुद्धा वर केली नाही. वाटलं, आपण नसलो तरी चालतंय. आणि मला फार थकायला होतं आई. सकाळी उठल्यापासूनच.”

बाईंचा राग कुठल्या कुठे गेला. दोन महिने पोरगी अर्धी पोळी खात होती, शाळेतून आली की भिंतीकडे तोंड करून पडत होती. आणि आपण? नवऱ्याच्या पाळ्या सांभाळता सांभाळता शिणलेल्या आपण शेजारणींना कौतुकाने सांगत होतो, आमची सिंधू हल्ली किती शहाणी झालीय, आवाज म्हणून नाही! बहनजी निदान रोज नाव तरी पुकारत होत्या. आपण तेवढंही केलं नव्हतं.

बाई रस्त्याकडेच्या दगडावर मटकन बसल्या. डोळे भरून आले.

“सिंधू,” त्यांनी हाक मारली. पोरगी समोरच उभी होती, तरी मारली.

ओ आली नाही.

बाईंनी पुन्हा हाक मारली. आज स्वयंपाकाला उशीर झाला तरी चालणार होता.