सात सेकंदांचं दार

माझी मावशी भांडताना आवाज चढवत नाही. ती दार आपटते. पंचवीस वर्षं ती शिवणकामाचे वर्ग घेते आहे, त्यामुळे हाताला जोर आहे आणि अंदाजही. त्यांच्या भाड्याच्या घरात चौकटीभोवतीच्या गिलाव्याला पडलेले तडे घरमालकाला जमीन खचल्याचे वाटत, आणि आम्ही कोणी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

काका, म्हणजे तिचा नवरा, दातांच्या कवळ्या बनवतात. बारीक काम, शांत माणूस. समोरच्याचं डोकं फिरेल इतका शांत. मावशी पोटतिडकीने बोलत असते आणि काका “बरं” म्हणतात. तिसऱ्या “बरं”ला मावशी उठते, बाहेर पडते, दार आपटते आणि शेजारणीकडे जाऊन बसते. तासाभराने परत आली की दोघं काही झालंच नाही असे जेवायला बसतात.

त्यांनी स्वतःचं घर बांधलं आणि पुढच्या दाराचं काम माझ्याकडे आलं. मी दारांच्याच दुकानात विक्रीचं काम करते. बिजागरीचं घ्यायचं की पिव्होटचं, एवढंच ठरायचं होतं. बिजागरीचं दार एका कडेने चौकटीला टांगलेलं असतं, आपल्या सगळ्यांच्या घरी असतं तसं. पिव्होटचं दार खाली जमिनीत आणि वर चौकटीत अशा दोन खुंट्यांवर उभं असतं. खुंट्या कडेपासून वीतभर आत असतात, त्यामुळे उघडलं की मोठा भाग घरात जातो आणि छोटा बाहेर डोकावतो. आमच्याकडच्या पिव्होट दाराखाली तेलाची स्प्रिंग असते. दार आपोआप मिटतं, पण स्वतःच्या चालीने.

सोमवारी काकांचा फोन आला. “तुझ्या मावशीला सांगू नकोस,” ते म्हणाले, “पण यातलं आपटता न येणारं कुठलं?”

“पिव्होटचं. कितीही ओढा, सावकाशच मिटतं.”

“मग मला ते फार देखणं वाटतं,” काका म्हणाले.

मंगळवारी वर्ग संपवून मावशी दुकानात आली. गळ्यात मोजपट्टी तशीच होती. “काकांच्या कानावर जायला नको,” ती म्हणाली, “पण खणखणीत वाजणारं कुठलं?”

“बिजागरीचं.”

“वाटलंच. मजबुतीला तेच बरं.”

मी दोघांनाही वचन दिलं आणि दोघांची मजा बघायची ठरवली.

शनिवारी जोडी आली. काका घराच्या शोभेवर बोलले, उंच दाराने घराला कसा रुबाब येतो ते त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवलं. मावशीने पिव्होटच्या खालच्या फटीत बोट घालून पाहिलं. “इथून मुंग्या येतील. आणि खुंटी आत असल्यामुळे वाट अरुंद होते. माझं कपाट कसं न्यायचं?” दोघंही इतक्या तळमळीने खोटं बोलत होते, की माझे साहेब टेबलावरून उठून ऐकायला आले.

“वापरून बघा ना,” मी म्हणाले. आमच्या दुकानात दारं नुसत्या चौकटींत उभी असतात. पलीकडे घर नसतं, मागची भिंत असते. “रोजच्यासारखं बाहेर पडून बघ, मावशी.”

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. पण पिव्होटचं दार उघडून ती पलीकडे गेली आणि सवयीने मूठ धरून जोरात ओढलं. दार हललं ते हत्तीसारखं. मावशी बाहेर उभी, दार अर्धं उघडं, आणि फटीतून दोघं एकमेकांकडे बघताहेत. काकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. तेच मावशीला दिसलं.

“तुमच्या बहिणीने दिलेली फुलदाणी मी नव्या घरात आणणार नाही,” ती फटीतून म्हणाली. “आणि त्या दिवशी चावी तुम्हीच हरवली होती.”

“अगं, पण ती चावी तर—”

खट्. दार मिटलं. काका लाकडाकडे बघत राहिले.

मावशी चौकटीला वळसा घालून आली. “किती वेळ लागला गं?”

“सात सेकंद.”

“आपटलं की बोलणं तिथेच संपतं,” ती स्वतःशीच म्हणाली. मग आणखी दोनदा बाहेर पडली. तिसऱ्या वेळेस तिने तीन पूर्ण वाक्यं बसवली, त्यातलं एक काकांच्या धाकट्या भावाबद्दल होतं. परत आली तेव्हा उरलेल्या कापडातून न मागता खिसा निघाल्यासारखी खूश दिसत होती.

“हेच घेऊ,” ती म्हणाली. “रुबाब येतो घराला.”

“मुंग्या येतील,” काका घाईने म्हणाले. “आणि तुझं कपाट?”

“कपाट सुटं करून नेता येतं. तुम्हाला आवडलं होतं ना?”

काकांनी माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. वचन मोडणं मला योग्य वाटलं नाही. “आवडलं होतं,” ते म्हणाले. साहेबांनी लगेच मागणी लिहून घेतली.

दार बसल्यावर पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी मावशीचा फोन आला. लगेच ये, एवढंच म्हणाली. दाराचंच काही असणार म्हणून मी दुकानाच्या मिस्त्रींना घेऊन गेले. दोघं नव्या घराच्या पायरीवर बसले होते. काकांच्या अर्ध्या चेहऱ्यावर दाढीचा फेस वाळला होता.

झालं होतं असं. काकांनी न विचारता मावशीचं शिलाई मशीन मागच्या खोलीत हलवलं. मावशी बाहेर पडली आणि दार मिटता मिटता बोलायला लागली. काकांना पंधरा दिवसांत एकही उत्तर पुरं करता आलं नव्हतं. या वेळी ते दाढी टाकून धावले आणि उत्तर द्यायला फटीतून तिरके बाहेर आले. मागे दार सावकाश मिटलं, लॅच लागलं आणि चाव्या आत राहिल्या. मावशीचा फोन तेवढा तिच्या हातात होता.

“असलं दार विकतेस तू लोकांना,” मावशी म्हणाली.

“सख्ख्या भाचीने आम्हाला सांगायला नको का?” काका म्हणाले.

त्या दोघांचं इतकं एकमत मी कधी पाहिलं नव्हतं. मिस्त्री स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत उतरेपर्यंत ते आळीपाळीने मला बोलत होते, एकाचं वाक्य दुसरा पुरं करत होता. मी खाली मान घालून ऐकून घेतलं, कारण वर पाहिलं असतं तर हसू फुटलं असतं.

दार उघडल्यावर काका उरलेली दाढी करायला गेले. मशीन पुढच्या खोलीत खिडकीपाशी आणायचं ठरलं. ते मागे नेतानाच काकांची कंबर धरली होती, म्हणून मी आणि मिस्त्रींनी उचललं. मावशी मागून सांगत होती, थोडं डावीकडे, अजून थोडं, उजेड हातावर पडायला हवा.