चार स्पीकरवाला टॅब

दुकानातल्या टॅबच्या काचेवर आमच्या अख्ख्या हुडको कॉलनीची बोटं उमटली होती. कुणाच्या हाताचं तेल, कुणाच्या गुपचूपचं, म्हणजे पाणीपुरीचं, पाणी. गुड्डू नावाच्या सेल्समनने खिशातून रुमाल काढला, आधी स्वतःचं नाक पुसलं आणि त्याच रुमालाने काच पुसून ती यांच्या तोंडासमोर धरली. मला किळस आली. पण जाणार कुठे? टॅब घ्यायचाच होता, आणि बारा हजारांच्या आतले टॅब आसपास फक्त त्याच्याच दुकानात होते.

'हे' म्हणजे माझे यजमान, देवराव. चौतीस वर्षं मिलमध्ये पोलादाच्या प्लेटी तपासल्या. प्लेटीवर तिरपा उजेड टाकायचा, चीर दिसली की खडूने फुली मारायची. फुली मारली की ती प्लेट बाद. आवाजापासून जपायला कानात घालायचे बोळे मिळायचे, ते यांनी इमानेइतबारे शर्टाच्या खिशात सांभाळले. आता कान गेलेत आणि बोळे नवेकोरे आहेत. नंतर कानाचं मशीन आणलं, तर ते शिट्ट्या मारतं म्हणून साखरेच्या रिकाम्या डब्यात पडून आहे.

मिलमध्ये कुणाचं कुणाला ऐकू येत नसे, म्हणून अख्खी शिफ्ट हातांनी बोलायची. बोट वर करून फिरवलं की क्रेनवाल्याने उचलायचं, मूठ वळली की थांबायचं. कंपनीचं सेक्टर ६ चं क्वार्टर सोडून आम्ही हुडकोत आलो, पण ही भाषा काही सुटली नाही. भात पुरे झाला की मूठ. माझं बोलणं पुरे झालं की मूठ.

निवृत्तीनंतर हे सायकलवर जाऊन वाचनालयातून पुस्तकं आणायचे. ते वाचनालय बंद पडलं, आणि घरातल्या जुन्या पुस्तकांची अक्षरं यांना मुंग्यांएवढी दिसायला लागली. राहिला टीव्ही. आणि यांची टीव्ही बघायची तऱ्हा काय सांगू! सगळे हसून गप्प झाले की हे हसणार. वर सिनेमा सोडून सारखं माझ्या तोंडाकडे बघणार. "तिकडे पाहा ना! माझ्या तोंडावर काय पिच्चर लागला हाय?" असं मी कितीदा खेकसले असेन. वैताग यायचा मला. किळस यायची म्हटलं तरी चालेल.

दिवाळीपासून मात्र हे टीव्हीसमोरही बसेनात. पोर्चमध्ये खुर्ची टाकायची आणि समोरच्या कंपाउंडच्या भिंतीकडे बघत राहायचं. मागच्या गल्लीतले पंजाबराव असेच बसून बसून वर्षभरात संपले. जेवायचे, झोपायचे, आजार कुठला नाही, आणि तरी संपले. आमच्या पोर्चमधली ती खुर्ची बघितली की मला पंजाबराव आठवायचे.

म्हणून मी पुण्याला निखिलला फोन लावला. तो म्हणाला, "आई, बाबाले टॅब घेऊन दे. वाचतीन, पिक्चर पाहतीन, टाइमपास होईन. फक्त स्पीकर देख. चार स्पीकरवाला घे. बाबाले आयकू नाही येत ना, मग आवाजच पायजे. बाकी कुछ मत देखना."

मलाही ते पटलं. कुणाला पटणार नाही?

शेजारच्या बेबीताईचंही तेच मत. तिला कुणी विचारलं नव्हतं. गालात तंबाखूचा खर्रा धरून ती पोर्चमध्ये आली, यांच्या कानाला तोंड लावलं आणि ओरडली, "भाऊजी! मोठ्या आवाजाचा घ्या!" कानाच्या पाळीवर खर्ऱ्याचा शिंतोडा उडाला. यांनी शांतपणे रुमालाने कान पुसला. मी आत जाऊन दोनदा साबणाने हात धुतले, कान माझा नव्हता तरी. बहिऱ्या माणसाच्या कानात थुंकायचा लोकांना जणू परवानाच मिळतो.

तर दुकान. पहिल्या दिवशी गुड्डूने चार स्पीकरवाला टॅब काढला, लग्नातलं बॅंडवालं गाणं लावलं, आवाज पूर्ण केला आणि टॅब यांच्या कानाला भिडवला. "काकाजी को ऊंचा सुनाई देता है ना? ये सुनिए! पूरा थेटर है!" बाहेर स्कूटरवर बसलेली माणसं वळून बघायला लागली. हे मागे सरकले आणि त्यांनी मूठ वळली.

मी समजले, भाव पटला नाही. बाजारात यांची मूठ वळते ती भावापायीच, भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत. आम्ही घरी आलो. चार दिवसांनी गुड्डूने फोन करून पाचशे कमी केले, म्हणून पुन्हा गेलो. पुन्हा तोच रुमाल, तोच बॅंड आणि पुन्हा मूठ. मी रस्ताभर बडबडले. एवढा चिक्कूपणा बरा नाही म्हणाले. मी काय म्हणतेय हे यांना ओठांवरून थोडं कळतं, पण हे रस्त्याकडे बघत चालत राहिले.

तिसऱ्या वेळी मी ठरवूनच गेले की यांच्या मुठीकडे बघायचंच नाही. निखिल व्हिडिओवर होता. गुड्डूने सीलबंद खोका काढून काउंटरवर ठेवला. "फायनल कर ना आई, मले मीटिंग हाय," निखिल म्हणाला. मी पर्स उघडली.

तेवढ्यात यांनी शर्टाच्या खिशात हात घातला. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्या खिशात खडू असतो. दर धुण्याला तो विरघळतो, दर धुण्याला मी ओरडते आणि दुसऱ्या दिवशी नवा येतो. यांनी तो खडू काढला आणि त्या सीलबंद खोक्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत भली मोठी फुली मारली.

"अरे काकाजी! डब्बा खराब कर दिया!" गुड्डू किंचाळला. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं आमच्याकडे वळली.

"काय करून राहिले तुमी?" मी दंड धरून यांना ओढलं. "काही लाज हाय का नाही? लोक पाहून राहिले!"

फोनमधून निखिल विचारत होता, "काय झालं? बाबानं काय केलं?" मी फोन काउंटरवर पालथा घातला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं मला.

हे काउंटरच्या टोकाला गेले. तिथे एक साधा, काळ्या कडांचा टॅब पडला होता. पहिल्या दिवशी गुड्डूने तो 'बच्चों की पढ़ाई वाला' म्हणून बाजूला सारला होता. यांनी तो उचलला, दुसऱ्या हातात चार स्पीकरवाला नमुन्याचा टॅब घेतला आणि दोन्ही ट्यूबलाइटखाली तिरपे धरले. अगदी प्लेट धरल्यासारखे.

"दोन्हीवर एकच पान लाव," हे गुड्डूला म्हणाले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे हे बोलतात ते चौकातून ऐकू जातं. "मराठी पान."

"काकाजी, उसमें एक ही स्पीकर है. चिड़िया जैसी आवाज आएगी."

यांनी मूठ वळून त्याच्या नाकासमोर धरली. गुड्डूने मुकाट्याने दोन्हींवर मराठी वर्तमानपत्राचं एकच पान उघडलं. यांनी दोन बोटांनी अक्षरं मोठी केली आणि दोन्ही टॅब माझ्यापुढे ठेवले.

"पाह्य."

मी बघितलं. चार स्पीकरवाल्याच्या काचेत ट्यूबलाइट झगझगत होती, आणि तिच्यामागे मोठी केलेली अक्षरं कडांना फाटली होती. जोडाक्षरांचे तर नुसते ठिपके झाले होते. त्या साध्या टॅबवर मात्र शाईने छापल्यासारखी, काळीभोर, पावलीएवढी अक्षरं होती.

"या चार तोंडाच्यात अक्षर फाटून राह्यलं," हे म्हणाले. "मले आवाज नोको. चौतीस वर्सं आवाजच खाल्ला. मले अक्षर पायजे."

मी खुणेने आणि ओठांनी विचारलं, "मंग आधी कावून नाही सांगितलं?"

"सांगितलं ना. दोनदा." आणि यांनी मूठ दाखवली.

साधा टॅब तीन हजारांनी स्वस्त निघाला. गुड्डू तोंड वाकडं करून फुलीवाला खोका पुसत होता. त्याने नवा टॅब पुसायला तो रुमाल काढला, तेव्हा मी टॅब हिसकावून घेतला आणि पदराने पुसला.

संध्याकाळी यांनी टॅब पोहे भरायच्या डब्याला टेकवून टेबलावर ठेवला. निखिलने खाली हिंदी अक्षरं येतात असा एक विनोदी सिनेमा पाठवला होता. मी शेजारच्या खुर्चीत बसून लसूण सोलायला लागले. टॅबचा आवाज बंदच होता.

थोड्या वेळाने हे हसले. मी दचकले. घरात दुसरं कुणी हसलं नव्हतं, आणि हे हसले. सिनेमातला हवालदार चिखलात पडला होता. हे गुडघ्यावर थाप मारून हसले, मग पुढचं वाक्य वाचून पुन्हा हसले. आणि एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

माझ्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. इतके दिवस हा माणूस टीव्ही बघत नव्हता, माझं तोंड बघत होता. मी हसले की हसायचं, मी डोळे पुसले की गप्प व्हायचं. सिनेमात काय चाललंय हे यांना माझ्या तोंडावरून कळत होतं, आणि ते तोंडसुद्धा मी खेकसून फिरवून घेतलं होतं. त्यानंतर यांच्यासाठी भिंत आणि टीव्ही सारखेच झाले असणार. गुड्डूच्या रुमालाची मला किळस आली, बेबीताईच्या खर्ऱ्याची आली. पण त्या खुर्चीत बसल्याबसल्या मला माझी जेवढी किळस आली तेवढी कधी कशाची आली नव्हती.

यांनी मान वळवली. मी हसत नाही हे यांच्या लक्षात आलं. यांनी माझ्या कानाकडे बोट दाखवलं. तुला ऐकू येत नाही, होय ना? मग बोट वर करून फिरवलं, म्हणजे आवाज उचल, आणि टॅबच्या कडेचं बटण दाबायला लागले. किती आवाज पुरे, हे यांना कळणार कसं? दाबत राहिले, शेवटपर्यंत.

तो एकुलता एक स्पीकर फाटक्या आवाजात किंचाळायला लागला. पलीकडून बेबीताई ओरडली, "कमी करा ना जी!" हे माझ्या तोंडाकडे बघत होते, पुरे झाला का म्हणून.

थांब म्हणायला माझी मूठ वळत आली होती. मी ती पदराखाली दाबली, पडद्यावरचं वाक्य वाचलं आणि मोठ्याने हसले.