समोरचं दुकान

जालिंदर गेला आणि आठवड्याच्या आत त्याचा संगणकही गेला. त्याच्या लेकीनं, पौर्णिमानं, बटण दाबलं की आतला पंखा फिरायचा, दिवा लागायचा, पण स्क्रीन काळीच राहायची. ती तरी पुन्हा पुन्हा बटण दाबत होती.

रविवारी पुण्यानुमोदन होतं. गेवराईच्या त्यांच्या वस्तीत कुणी वारलं की जालिंदर त्या माणसाची छोटी फिल्म करून द्यायचा. विहारासमोरच्या मांडवात ती लावत, बायका तोंडाला पदर लावून बघत, आणि शेवटी 'भावपूर्ण आदरांजली' अशी अक्षरं येत. 'श्रद्धांजली' लिहिलेलं त्याला चालत नसे. आता फिल्म त्याचीच करायची होती आणि करणारा तोच नव्हता.

तिनं संगणक बीडला लखनच्या दुकानात नेला. लखननं झाकण काढून फुंकर मारली.

"कार्ड गेलंय, ताई. ग्राफिक्सचं."

"नवीन घाला."

"माल कुठाय? एआयवाल्यांनी समदा उचललाय. पंधरा दिवस तरी लागतील, आन भावाचं इचारूच नका."

"मग दुसऱ्या कंपनीचं?"

लखन हसला. "तेचीबी तीच गत. हिरव्या कंपनीचा भाव चढला की लालचा चढतो. ठरवून करत्यात का काय, कुणाला ठावं. तुमचे पप्पा हेच म्हणायचे की."

पप्पा हेच म्हणायचे, हे खरं होतं. जालिंदर हिरव्या कंपनीचं कार्ड वापरायचा आणि रस्त्यापलीकडचा राधाकिशन लाल कंपनीचं. एकाचं 'समता फोटो', दुसऱ्याचं 'बालाजी व्हिडिओ शूटिंग', दोन्ही पाट्या समोरासमोर. पौर्णिमा शाळेत होती तेव्हा दोघं आपापल्या पायरीवर उभे राहून, मधून वाळूचे हायवा ट्रक धुरळा उडवत जात असताना, ओरडून भांडायचे.

"तुझं कार्ड लई तापतंय बे, भाकरी टाक त्याच्यावर!"

"तुझ्या कार्डात नवरी हिरवी दिसती, ते बघ आधी!"

आणि घरी जेवताना जालिंदर म्हणायचा, "ह्या दोन्ही कंपन्या आतून एक हायत. चालवणारे लांबचे नातेवाईक हायत म्हणं. आपल्याकडं न्हाईत का, निवडणुकीत एकमेकाचं तोंड बघत न्हाईत आन लग्नात एका पंगतीला." मग अंबाजोगाईच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या लेकीकडे वळायचा. "तुझी पुस्तकं काय म्हणत्यात? खरंच भांडत्यात का नाटक हाय?"

"बाजारात दोघंच असले की भेटून ठरवायची गरज नसते, पप्पा. एकमेकांकडे बघूनच सगळं ठरतं. त्याला पुरावा सापडत नाही."

"पुरावा सापडत न्हाई," तो घास हातात तसाच धरून म्हणायचा आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचा. त्यात एवढं हसण्यासारखं काय आहे, हे तिला कधी कळलं नाही.

पायरीवरची भांडणं मात्र पुढे थांबली. एका वर्षी जयंतीच्या मिरवणुकीचा रस्ता कोणता, यावरून गावात तंटा झाला. पेठेतल्या लोकांची बैठक बसली, वस्तीतल्या कुणाला काम द्यायचं नाही असं ठरलं. राधाकिशन त्या बैठकीत पुढच्या रांगेत होता. तेव्हापासून दोन्ही दुकानांत बोलणं नव्हतं. जालिंदर आजारी पडला तेव्हाही समोरून कुणी आलं नाही.

लखननं संगणकातली डिस्क काढून तिच्या हातात ठेवली. सगळं काम हिच्यात सुखरूप आहे, म्हणाला, फक्त एडिटिंगची मशीन पाहिजे. तशी मशीन गेवराईत त्या रस्त्यावर आणखी एकच होती.

समोरच्या दुकानात राधाकिशन एकटाच बसला होता. तिला दारात बघून उठला.

"कावून आलीस? काय काम?"

"रविवारी पप्पांचा कार्यक्रम आहे, काका. मशीन बंद पडली. थोडा वेळ तुमच्या मशीनवर बसू द्याल?"

त्यानं रस्त्याकडे पाहिलं. मग शटर अर्धं खाली ओढलं आणि हात पुढे केला. "आण."

डिस्क जोडली. तिनं पप्पांचा नेहमीचा नमुना उघडला, ज्यात फोटो बदलून ते प्रत्येकाची फिल्म करायचे. ती लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून हे बघत आली होती. एकाचं काम दुसऱ्याच्या मशीनवर उघडलं की मशीन आधी हटून बसते. गाणं कुठाय, फुलं कुठायत, अक्षरं कुठायत, असं एकेक विचारते आणि सापडेपर्यंत चौकटी लाल करून ठेवते. ती लाल चौकटींची वाट बघत राहिली.

मशीननं काहीच विचारलं नाही. गाणं वाजलं, फुलं पडली, 'भावपूर्ण आदरांजली' ही अक्षरं जालिंदरच्या आवडीच्या वळणात सावकाश उमटली. सगळं जागच्या जागी होतं.

"काका, हे इथं आधी उघडलंय."

राधाकिशननं पुन्हा रस्त्याकडे पाहिलं.

"किती दिवसांपासून?"

"तुझ्या बापाचं कार्ड लगीनसराईत दम तोडायचं. मग हितं यायचा, मागच्या दारानं. माझं अडलं की मी जायचो. पेठेतल्या निम्म्या लग्नांची एडिटिंग तुझ्या बापाच्या हातची हाय. नाव माझं."

"पण तुम्ही तर त्या बैठकीत..."

"बसलो हुतो. उठून जायची छाती झाली न्हाई." तो खुर्चीच्या हाताला लागलेला रंग नखानं खरवडत राहिला. "त्याच रातीला तुझा बाप म्हनला, बसूनच ऱ्हा. तू उठलास तर दोघंबी उपाशी मरू. लोकांना आपलं भांडान आवडतं, ते चालू ठेव."

पौर्णिमानं डोळे मिटले. तिची पुढची अडचण अगदी साधी होती. "काका, पप्पांचे फोटो नाहीत. आधारचा एक आहे, बाकी एकाही फोटोत ते नाहीत. ते कायम कॅमेऱ्याच्या मागे."

राधाकिशननं स्वतःचा एक फोल्डर उघडला. युसूफ वडगावातल्या एका मोठ्या लग्नाचं शूटिंग. हळदीच्या गर्दीत, कडेला, दिव्याचा स्टँड खांद्यावर घेतलेला जालिंदर. डोक्याला रुमाल. कॅमेऱ्याकडे बघून तो काहीतरी शिवी हासडतो आणि हसतो. जेवताना घास हातात धरून हसायचा, तेच हसणं. मग कपिलधारचा धबधबा, कुणाच्या तरी जावळाचं शूटिंग. जालिंदर विजार गुडघ्यापर्यंत वर करून पाण्यात उभा, तोंडानं "घे की बे, थंडी वाजाय लागली" म्हणतोय. आवाज स्पष्ट होता.

आवाज ऐकल्यावर तिनं व्हिडिओ थांबवला.

"हे द्या मला."

"बघ लागंल तितकं. न्हेऊ नको, माय." राधाकिशनचा आवाज खाली गेला. "मांडवात लागलं की लोक इचारतील, हे कुणाच्या कॅमेऱ्यातलं. माझा अभिमन्यू औंदा नगरपालिकेला उभा हाय. पोराचं वाटोळं व्हईल. पेठेतली लोकं मला दारात उभं करनार न्हाईत, आन तुमच्या वस्तीतली तुझ्या बापाला काय म्हनतील, तेबी इचार कर."

मग तो उठला. "च्या सांगून येतो." शटरखालून वाकून बाहेर गेला.

चहाची टपरी शेजारीच होती. पण तो आला नाही. पौर्णिमाच्या पर्समध्ये पेनड्राइव्ह होता. तिनं तो काढून मशीनला लावला. कॉपी करायचं एवढंच. तिला हळूहळू कळलं, की काका मुद्दाम येत नव्हते. तिनं चोरलं असतं, तर त्यांना द्यावं लागलं नसतं.

तिनं बाण फाइलवर नेला. घरी नेलं तर मायला दाखवावंच लागेल. माय बघेल, रडेल, आणि मग भावकीला दाखवल्याशिवाय तिला राहवणार नाही. पप्पांनी जे आपल्यालाही सांगितलं नाही, ते आपण मांडवात सांगायचं? तिनं ते हसणं पुन्हा एकदा लावलं. आणखी एकदा लावलं. मग पेनड्राइव्ह काढून घेतला.

राधाकिशन चहा घेऊन आला. "झालं?"

"नाही."

तो खुर्चीत बसला. त्याला सुटल्यासारखं वाटलं की आणखी काही, हे तिला चेहऱ्यावरून वाचता आलं नाही.

या वेळी मांडव 'समता फोटो'च्या दारापुढेच होता. रविवारी त्यात आधारचा तो फोटो मोठा करून लावला होता. त्यात जालिंदर कुणीतरी दरडावल्यासारखा दिसत होता. फिल्मही त्याच फोटोची झाली; त्याच्यावर फुलं पडली, गाणं वाजलं. वंदना झाली, आणि मग थोरले चुलते धोंडीराम माइकपाशी उभे राहिले.

"आमचा जालिंदर पेठेपुढं कधी वाकला न्हाई! त्या बालाजीवाल्याला मरस्तोवर टक्कर दिली. आज तरी तो फिरकला का? न्हाई फिरकला! दुश्मनी असावी तर अशी!"

मांडव टाळ्यांनी भरला. रस्त्याच्या त्या बाजूला बालाजीचं शटर अर्धं खाली होतं. त्याखाली दोन पाय दिसत होते, चपला न घातलेले.

पौर्णिमाचे हात मांडीवर तसेच पडून होते. शेजारी बसलेल्या मायनं, सरूबाईनं, तिच्या कोपराला हलकेच ढोसलं.

"वाजव, पोरी."

"माय, तुला..."

"वाजव. असं कुनी बोललं की तुजा बापबी वाजवायचा." सरूबाई समोरच्या शटरकडे बघत टाळ्या वाजवत राहिली.

पौर्णिमानं मायकडे पाहिलं. पर्समधला पेनड्राइव्ह रिकामा होता. मग तिनंही हात उचलले.