मीटरवरचा काळा दगड

मनसारामच्या ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवरच्या वीजमीटरचा तांबडा दिवा भराभर लुकलुकत होता आणि सारी आळी तिकडे डोळे लावून बसली होती. मीटर जोरात चालावं म्हणून गावात आलेल्या बाबांनी झोळीतून आणलेली इस्त्री आतल्या खोलीत चालू करून ठेवली होती. डोळे मिटून त्यांनी ब्रह्मांडातली ऊर्जा, पाताळातली ऊर्जा, वाटेत राहिलेली ऊर्जा अशा सगळ्यांना हाक मारली आणि बऱ्याच वेळाने एक काळा दगड मीटरवर ठेवला. लुकलुक मंदावली. लोकांनी हात जोडले.

मागे उभ्या संघप्रियाला जांभई आली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. लिंबातलं रक्त झालं, नारळातले केस झाले, आता मीटर. दर वर्षी बाबा नवा आणि लोक तेच. तिला खरं तर घरी जाऊन पडायचं होतं.

पण समोर गोकुळाबाई दिसली आणि पाय निघेना. ग्रामपंचायतीने स्पर्धा लावली होती. आळीत जो जास्तीत जास्त वीज वाचवील त्याला सौरदिवा. त्यापायी गोकुळाबाईचा नवरा मनसाराम आणि शेजारी देवाजी, म्हणजे संघप्रियाचे वडील, एकमेकांच्या मीटरवर पाळत ठेवून होते. तिथवर ठीक होतं. मग बाबा आले. दगड वीज वाचवतो आणि जनावरालाही अडवतो, तेव्हा अंगणातला दिवा विझवा, असं त्यांनी सांगितलं. मनसारामने दगड ठेवला, दिवा विझवला आणि त्याचं मीटर खरंच कमी फिरू लागलं. आळीच्या मागे जंगल, न्हाणीजवळ नुकतेच बिबट्याचे पंजे उमटलेले, आणि गोकुळाबाई तलावावर मासळी धरायला उजाडण्याआधी त्याच अंगणातून जायची. आता देवाजींनाही दगड हवा होता. संघप्रियाला त्याची लाज वाटली.

बाबा दगड उचलायला वळले.

"राहू द्या तसाच," ती म्हणाली. "थोडं बसू."

दगड थकतो, त्याला विश्रांती लागते, असं बाबांनी समजावलं.

"मी बी थकलीच आहो. बसू सारेच."

लोकही बसले. थोड्या वेळाने दगड जागच्या जागी असताना मीटर पुन्हा भराभर लुकलुकू लागलं. बाबा कोणाची तरी दृष्ट लागल्याचं सांगू लागले. संघप्रियाने देवाजींना आत इस्त्रीपाशी उभं केलं आणि दगडाच्या जागी वांगं ठेवलं. जरा वेळाने आतून देवाजी कसंनुसं बोलले, "इस्त्रीचा दिवा गेला." बाहेर मीटर मंदावलं. ओसरीत हशा पिकला.

इस्त्री तापली की आपली आपण बंद होते, निवली की चालू होते. तेवढा वेळ मंत्र लांबवायचा, एवढीच सिद्धी. बाबा झोळी आवरू लागले.

मनसाराम मात्र हसला नाही. "मंग इतके दिवस माह्यं मीटर कमी कसं फिरलं?"

"दिवा विझवला म्हणून, भाऊ. दगड नसता तरी फिरलं असतं. वीज जरूर वाचवा. रिकाम्या खोलीतला पंखा बंद करा, टीव्ही बंद करा. पण काय बंद करायचं ते आपल्या डोक्यानं ठरवा. बिबट्याले दगड दिसत नाई. बाईले बिबट्या दिसला पाहिजे."

गोकुळाबाई उठली आणि तिने अंगणातल्या दिव्याचं बटण दाबलं. भर दुपारी दिवा लागला. मनसारामने एकदा मीटरकडे पाहिलं, पण बटणाला हात लावला नाही.

दिवसा दिवा जाळू नये, हे संघप्रिया वर्गात नेहमी सांगायची. आज ती काही न बोलता घरी गेली.